कूलरवरचं चौथं नाव

"सर, आपल्या शाळेला एखादी वस्तू द्यायची असेल तर आधी मरावं लागतं का?"

प्रश्न माझा नव्हता. अल्फिया आणि सेजलचा होता, मी फक्त उभी राहून विचारला. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी मागच्या बाकावर बसून पंख्याकडे बघत होतो. लाइट गेली होती, आणि पंखा फिरत नसला की त्याच्या पात्यांवरचं वाचता येतं. एका पात्यावर 'कै.', दुसऱ्यावर कुणाचं तरी नाव, तिसऱ्यावर 'स्मरणार्थ'. मग आम्ही घड्याळ वाचलं. तेही कुणाच्या तरी स्मरणार्थ. दारामागचं कपाट, बाहेरची टाकी, घंटासुद्धा. अल्फिया म्हणाली की हे इंगवले सरांना विचारून दाखव. सेजल म्हणाली, ही कसली विचारते, हिचं शौर्य फक्त माइकसमोर.

झालं. त्या वर्षी मी आठवीत होते आणि तालुक्याच्या इंग्रजी भाषण स्पर्धेत पहिली आले होते. तेव्हापासून माझे पाय जमिनीला जरा कमीच टेकत होते. बंदरावर कुणाच्याही मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला की माणसं माझ्याकडे यायची, आणि मी तो असा वाचून दाखवायचे की जणू मीच पाठवलाय. तेव्हा असली पैज मी सोडणार नव्हते.

इंगवले सर घाटावरचे. आमच्याकडे येऊन त्यांना काही महिनेच झाले होते, समुद्राकडे ते अजून लांबूनच बघायचे. प्रश्न ऐकून ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, देणारी माणसं जिवंतच असतात, ती आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घालतात. आणि विषय निघालाच आहे तर इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते लिहून घ्या. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, इन लव्हिंग मेमरी ऑफ. वापरायला सोपं आहे, म्हणाले, पण चुकीच्या जागी वापरलं तर त्याच्याएवढी वाईट चूक नाही.

त्यांच्या आधीच्या शाळेत मुख्याध्यापक निवृत्त झाले. मुलांनी वर्गणी काढून मानपत्र केलं, चौकटीत बसवलं. इंग्रजीत काहीतरी भारदस्त हवं म्हणून एकानं कुठूनतरी हेच उचललं. आणि भर सभेत मुख्याध्यापकांनी स्वतःच्या आवाजात वाचून दाखवलं, आमच्या लाडक्या मुख्याध्यापकांच्या प्रेमळ स्मरणार्थ. खाली त्यांच्या पत्नी बसलेल्या.

अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. मी सगळ्यात जास्त. सर म्हणाले, "लक्षात ठेवा. माणूस जिवंत असेल तर हे लिहायचं नाही. कितीही प्रेम असलं तरी."

तेवढ्यात सेजल हसायची थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन वहीत मान घातली. मग मीही थांबले.

माझा दादा, दिपेश, त्याच्या आदल्या वर्षी मोरेश्वरकाकांच्या बोटीवर खलाशी होता. दिवाळी झाली आणि वादळ आलं. बोटीवर चौघं होते. बोट उलटी होऊन खाडीच्या तोंडाशी लागली. मग एकेक करत तिघं मिळाले, एक तर पार मुरूडच्या बाजूला. दादा मिळाला नाही.

बाकी तिघांच्या घरी जे व्हायचं ते झालं. रडणं झालं, दिवस झाले, भिंतीवर फोटो लागले, फोटोंना हार पडले. आमच्या घरी काहीच झालं नाही. गुरुजी येऊन सांगून गेले की माणूस सापडला नाही तर बारा वर्षं वाट बघतात, नाहीतर मनाची खात्री असेल तर दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात. बाबा हळूच म्हणाले की पुतळा करूया. आई उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराला गेली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. आई 'दिपेश आला की' म्हणायची. बाबा 'दिपेश होता तेव्हा' म्हणायला सुरुवात करायचे आणि 'दिपेश'वरच थांबायचे. मी दोघांच्या मध्ये जेवायला बसायचे आणि शाळेतल्या गमती जरा जोरात सांगायचे.

आणि दर्शनाताई होती. तिचा आणि दादाचा साखरपुडा वादळाच्या आधीच्या उन्हाळ्यात झाला होता. पलीकडच्या आळीत तिचं घर. संध्याकाळी ती आमच्याकडे यायची, आईबरोबर बोंबील वाळत घालायची, वाळलेले काढायची, टोपल्या भरायची. आई तिला सूनबाईच म्हणायची. बोटातली अंगठी तिनं काढली नव्हती. खरं सांगायचं तर दादा गेल्यावर घरात कुणी माझ्याशी हसून बोलत असेल तर तीच. माझी वेणी ती घालायची. भाषणसुद्धा मी आधी तिला म्हणून दाखवलं होतं, तिला त्यातलं एक अक्षर कळत नसताना.

सरांनी गृहपाठ दिला होता, त्या शब्दांचा वापर करून एक वाक्य लिहा. मी माझ्या आजीवर लिहिलं, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. बरोबरची खूण मिळाली.

पुढच्याच आठवड्यात मोरेश्वरकाका घरी आले. मच्छीमार सोसायटीचे ते चेअरमन. आई बाजारात आहे हे बघूनच आले होते, हे मला नंतर कळलं. शाळेला पन्नास वर्षं होत होती, सोसायटी थंड पाण्याचा कूलर देणार होती. स्टीलचा, चार नळांचा. वादळात गेलेल्यांच्या नावानं. बाबा ऐकत होते आणि जाळ्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत होते. काका माझ्याकडे वळून म्हणाले की मजकूर इंग्रजीत हवा, अलिबागला स्टीलवर कोरून घ्यायचाय, आणि आपल्याकडे एवढी हुशार पोरगी असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं.

मी लगेच हो म्हटलं. कूलरवर माझं इंग्रजी, अख्खी शाळा पाणी पिताना वाचणार, आणि सेजलचं तोंड कसं होईल, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. वही आणायला धावलेसुद्धा. नावं सांगा म्हटलं. त्यांनी तीन सांगितली. मग त्यांनी बाबांकडे बघितलं आणि चौथं सांगितलं.

पेन तसंच राहिलं.

"बाकी सगळ्या वस्तूंवर मराठीत आहे," मी म्हटलं. "हेच इंग्रजीत का?"

काकांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मराठीत लिहिलं तर नावाच्या आधी कै. येतं, पोरी. तुझ्या आईला तेवढं वाचता येतं. इंग्रजीत तसं काही येत नाही. तिनं विचारलं तर सांग, प्रेमाची आठवण असं लिहिलंय. खोटं तर नाही ना ते?"

बाबा म्हणाले, "तिघांची नावं येतील आणि माझ्या पोराचं नाही, असं नको. एका बोटीवरचे होते ते." एवढं बोलून ते मागच्या दारी गेले.

काका गेल्यावर मी वहीकडे बघत बसले. मला सगळं कळत होतं. काका म्हणत होते ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. सरांनी एवढं हसवून शिकवलं होतं ते मी बरोबर शिकले होते, हाच घोटाळा होता. ते शब्द दादाच्या नावावर लिहायचे म्हणजे दादा गेला असं लिहायचं. आणि ते पहिल्यांदा घरात कुणी लिहायचं तर मी, आणि तेही आईला वाचता येणार नाही अशा भाषेत.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. ते स्टाफरूममध्ये डबा खात होते. मी विचारलं की माणूस हरवला असेल, म्हणजे तसा सापडला नसेल, तर त्याच्यासाठी इंग्रजीत काय लिहितात. त्यांनी चपाती खाली ठेवली. माझ्या घरचं त्यांना आतापर्यंत कुणीतरी सांगितलं असणार, कारण त्यांनी कोण, कुठे असं काही विचारलं नाही.

"पोलीस लिहितात, मिसिंग. पण ते कागदावर. स्टीलवर नाही कोरत."

मी म्हटलं, असं काहीतरी सांगा की दादाचं नावही येईल आणि आईला खोटंही सांगावं लागणार नाही. असं इंग्रजीत असेलच. इंग्रजीत केवढे शब्द आहेत.

सरांनी खूप वेळ विचार केला, अगदी खरोखरीचा, पेन काढून हातावर एकदोन शब्द लिहूनसुद्धा बघितले. मग म्हणाले, "कुठे काय लिहायचं ते मी सांगू शकतो, भार्गवी. तो आहे की नाही ते घरच्यांनी ठरवायचं. ते ठरल्याशिवाय बरोबर शब्द मिळणार नाही."

मी 'थँक्यू सर' म्हणून बाहेर आले आणि पहिल्यांदाच मला इंग्रजीचा राग आला.

संध्याकाळी दर्शनाताई किनाऱ्यावर बोंबील काढत होती. आडव्या काठ्यांवर जबड्यात जबडा अडकवून ते टांगलेले असतात, ते सोडवायला बोटं लागतात. मी तिच्या बाजूला उभी राहून सोडवायला लागले. तिला कूलरचं आधीच माहीत होतं. आमच्याकडे काही लपत नाही.

"तू लिहिणार?" तिनं विचारलं.

"काय करू ते कळत नाही."

ती इकडेतिकडे बघून, मी लहान आहे हे विसरल्यासारखी बोलली. उरणचं एक स्थळ आलंय. मुलगा कंपनीत आहे, समुद्रावर नाही. तिच्या पप्पांनी हो म्हटलंय. दोनदा ते लोक यायचे होते, दोन्ही वेळा तिनं काहीतरी कारण काढलं.

"तुला आवडत नाही का तो?"

"बघितलाच नाही. बघितला आणि आवडला तर, म्हणून बघत नाही."

मला वाटलं ती रडेल. पण ती बोंबील सोडवत राहिली. म्हणाली, "मला माहीताय गो दिपेश येणार नाही. पहिल्या महिन्यातच कळलं मला. पण काकी माझ्याकडे बघून उभ्या आहेत. मी यायची थांबले तर त्यांना वाटेल मीपण सोडला त्याला. मग त्या कुणाच्या जिवावर वाट बघतील?" टोपली उचलताना तिनं मला बजावलं, हे आईला सांगायचं नाही. मी मान हलवली. ती इतक्या साधेपणानं 'येणार नाही' म्हणाली होती, आणि ते दोन शब्द मी कुणाच्याही तोंडून तोवर ऐकले नव्हते.

घरी आले तर आई एकटीच होती. उद्याच्या बाजाराची कोळंबी सोलत बसली होती. मी शेजारी बसले. तोंडात काकांचं वाक्य तयार होतं, प्रेमाची आठवण. दोनदा जिभेवर आलं. दोन्ही वेळा गिळलं.

आईनंच विचारलं. "मोरेश्वर येऊन गेला ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं. मी नसताना आला, तुझा बाप दोन दिवस माझ्याकडे बघत नाय, आणि तू वही घेऊन बसतेस नि काही लिहीत नायस. मला इंग्रजी कळत नाय गो, मोरेश्वर कळतो."

आईच्या हातातल्या कोळंबीचं साल एका ओढीत निघत होतं, एकामागून एक. बोलतानाही हात थांबत नव्हते.

"तिघांच्या घरात फोटो लागले. मला काय दिसत नाय?" ती म्हणाली. "मी काय वेडी आहे? समुद्र मला तुझ्या सरांनी शिकवायचाय? इतके महिने पाण्यात राहून माणूस येतो का?"

"मग आई..."

"मग ती पोर रोज येते ना. अंगठी घालून येते. तिच्यादेखत मी हार कुठनं आणू? मी वाट बघते म्हणून ती बघते. मी म्हटलं की संपलं, तर त्या दिवशी तिचं काय होईल? माझा गेला तो गेला. तिला कशी मारू?"

मग ती उठली आणि कोळंबीचं पातेलं झाकायला आत गेली. मी तिथेच बसून राहिले. सालांचा ढीग समोर होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दोघी. दोघींनाही माहीत होतं. एक दुसरीसाठी सूनबाई झाली होती आणि दुसरी पहिलीसाठी आशा धरून बसली होती. रोज संध्याकाळी शेजारी शेजारी उभ्या राहून, बोंबील सोडवत, एकमेकींना सांभाळत. आणि उरणचा तो मुलगा दोनदा येता येता राहिला होता.

दर्शनाताईला मी मान हलवून वचन दिलं होतं की आईला सांगणार नाही. आईनं मात्र माझ्याकडून काहीच वचन घेतलं नव्हतं.

मी चप्पल न घालताच पलीकडच्या आळीत गेले. दर्शनाताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिची आई आत होती. मी हळू आवाजात आई जे म्हणाली ते सगळं सांगितलं, जसंच्या तसं, 'माझा गेला तो गेला'सकट. ती ऐकत होती आणि तांदळातून बोट फिरवत होती. बोट थांबलं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यांत डोकं घातलं आणि मोठ्यानं रडली. वादळानंतर मी तिला कधी आवाज करून रडताना बघितलं नव्हतं. तिची आई बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मीही रडत होते. वेणी कोण घालणार आता, असलं काहीतरी डोक्यात येत होतं, आणि त्याची लाज वाटत होती. शेवटी मी म्हटलं, "ताई, उद्यापासून तू येऊ नकोस." तिनं वर बघितलं. "मी आईला बघते," मी म्हटलं. हे मी कुठल्या जोरावर म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. आता दहावीत आहे, त्या दिवसाएवढं धीट मला नंतर कधी वाटलं नाही, माइकसमोर तर नाहीच.

तिनं अंगठी काढायचा प्रयत्न केला. निघेना. तिची आई आतून साबण आणायला गेली. मी थांबले नाही.

परतताना मोरेश्वरकाकांचं घर लागतं. ते झोपाळ्यावर बसले होते. मी त्यांना सांगितलं की इंग्रजी मजकूर देते, पण त्याच्याखाली मराठीही कोरायचं. ते म्हणाले, पोरी, तुझी आई वाचेल. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी झोपाळा थांबवला. मग टोपीनं डोळे पुसले. ती बोट त्यांची होती, हे मी तोवर विसरूनच गेले होते.

घरी बाबा मागच्या दारातून आत येत होते. आई चुलीपाशी होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले, कारण आत गेले असते तर बसले असते, आणि बसले असते तर बोलता आलं नसतं. पायांना वाळू लागली होती. आईनं आधी पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि हातातला पळा खाली ठेवला.

"कुठे गेली होतीस?"

"आई, बाबा, ऐका," मी म्हटलं. "कूलरवर चार नावं येणार. चौथं दादाचं. वर इंग्रजीत इन लव्हिंग मेमरी ऑफ, आणि त्याचा अर्थ प्रेमाची आठवण एवढाच नाही, आई, ते फक्त गेलेल्या माणसासाठी लिहितात. खाली तेच मराठीत, तुला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, दादाच्या नावाआधी कै. लावून. काकांना सांगून आले. दर्शनाताईकडेही जाऊन आले. उद्यापासून ती आपल्याकडे येणार नाही. तिला सगळं माहीत आहे, आई, पहिल्यापासून. तिला मीच येऊ नकोस म्हणून सांगितलंय."